स्तनाचा कर्करोग हाडात पसरल्याची शंका : उपचारांआधी बायोप्सी का करायची?

काकूंचे वय ५८. सात वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. नंतर किमोथेरपी, रेडिएशन आणि पाच वर्षे हॉर्मोनची गोळी, असे सगळे उपचार त्यांनी नीट पूर्ण केले होते. कंबर दुखते म्हणून त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा नातवाला उचलल्याचे निमित्त सांगितले. मीही वेदनाशामक गोळ्या दिल्या. दिवसा बरे वाटते, पण रात्री दुखण्याने झोपमोड होते, असे त्या तिसऱ्या भेटीत म्हणाल्या आणि मला त्यांचा जुना आजार आठवला. तो पहिल्याच भेटीत आठवायला हवा होता.

एमआरआय झाला, मग पेट-सीटी. कंबरेच्या दुसऱ्या मणक्यात एक डाग आणि पेल्व्हिसच्या, म्हणजे कटीच्या, डाव्या हाडात दुसरा. रिपोर्ट घेऊन मुलगा आला.

"डॉक्टर, कॅन्सर हाडात उतरलाय असं लिहिलंय. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात आधी बायोप्सी करू. आता सगळं दिसतंच आहे तर सुई कशाला टोचायची? सुई लावली की तो आणखी पसरतो म्हणतात. तुम्ही त्यांना सांगा ना, उद्याच किमो सुरू करा."

त्याची घाई मला समजत होती. हे प्रश्न अनेक घरांत विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे इथे सविस्तर देत आहे.

हाडात उतरला म्हणजे नेमके काय?

स्तनातील गाठीच्या काही पेशी रक्तावाटे शरीरात जातात. त्यातल्या काही हाडाच्या मगजात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षे शांत राहू शकतात. पुढे त्या वाढू लागल्या की हाड पोखरले जाते किंवा तिथे वेडेवाकडे नवे हाड तयार होते. मणके, बरगड्या, कटीची हाडे आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग या नेहमीच्या जागा आहेत. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरला, तर सर्वांत जास्त वेळा तो हाडातच जातो.

याला "हाडांचा कॅन्सर" म्हणणे बरोबर नाही. हाडात बसलेली पेशी स्तनाच्या कर्करोगाचीच असते आणि औषधेही स्तनाच्या कर्करोगाचीच द्यावी लागतात. हा चौथ्या टप्प्याचा आजार आहे. तो सहसा मुळापासून बरा होत नाही, हे खरे आहे. पण चौथा टप्पा म्हणजे चार दिवसांचे आयुष्य नव्हे. आजार फक्त हाडात असेल आणि हॉर्मोनच्या औषधांना दाद देत असेल, तर अनेक स्त्रिया बरीच वर्षे घरचे, शेतातले, ऑफिसचे काम करत जगतात. म्हणूनच पहिला निर्णय घाईत चुकू देऊ नये.

स्कॅनवरचा प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो

पेट स्कॅनमध्ये जिथे साखर जास्त वापरली जाते, ती जागा उजळ दिसते. कॅन्सरची पेशी साखर जास्त वापरते. पण जंतुसंसर्ग झालेली जागा, भरून येणारे फ्रॅक्चर आणि सांध्याची सूज याही जागा उजळ दिसू शकतात. हाडे ठिसूळ झाल्यामुळे दबलेला मणका कॅन्सरसारखा भासू शकतो. स्तनाच्या कर्करोगानंतर घेतलेल्या काही हॉर्मोनच्या गोळ्यांनीही हाडे ठिसूळ होतात, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे : मणक्याचा क्षयरोग. माझ्या पाहण्यातल्या एका ४६ वर्षांच्या ताईंना चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. पाठदुखीसाठी एमआरआय केला, तर शेजारचे दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती खराब झालेली. घरचे रडूनच आले. बायोप्सीत निघाला टीबी. औषधांचा पूर्ण कोर्स झाला आणि त्या बऱ्या झाल्या. क्षयरोगात मधली चकतीही बऱ्याचदा खराब होते, कॅन्सरमध्ये ती सहसा वाचते. पण हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, म्हणून तुकडा तपासावा लागतो. त्या ताईंना बायोप्सीशिवाय किमोथेरपी दिली असती, तर प्रतिकारशक्ती कमी होऊन टीबी आणखी भडकला असता.

क्वचित हाडातला डाग दुसऱ्याच एखाद्या कर्करोगाचा असतो, उदाहरणार्थ थायरॉइड, फुप्फुस किंवा मायलोमा. त्या प्रत्येकाचे उपचार वेगळे आहेत.

कॅन्सर तोच असला, तरी त्याचा स्वभाव बदललेला असू शकतो

पहिल्या शस्त्रक्रियेच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावे असतात. ईआर आणि पीआर म्हणजे पेशीवरची हॉर्मोनची कुलुपे. ती असतील तर पेशी स्त्री-हॉर्मोनवर वाढते आणि हॉर्मोन अडवणाऱ्या औषधांनी रोखता येते. हर-टू हे पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन आहे. ते जास्त असेल तर त्याच्यावर नेम धरणारी वेगळी इंजेक्शने आहेत. तिन्ही नसतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात.

ही कुलुपे कायम तशीच राहतील याची खात्री नसते. मूळ गाठ आणि नंतर पसरलेली गाठ यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की पाचपैकी साधारण एका रुग्णात ईआरचा निकाल बदललेला आढळतो आणि दहापैकी साधारण एका रुग्णात हर-टूचा. म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या कागदावर विसंबून औषध दिले, तर काही स्त्रियांना उपयोग नसलेले औषध मिळेल आणि काहींना उपयोगी पडणारे औषध मिळणारच नाही. त्यामुळेच आजार पहिल्यांदा परत आला की शक्य असेल तेव्हा एकदा तरी बायोप्सी करावी, असे अमेरिका आणि युरोपमधील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्था सुचवतात.

हाडाची बायोप्सी कशी करतात?

बहुतेक वेळा सीटी स्कॅनच्या मदतीने करतात. रुग्णाला पालथे किंवा कुशीवर झोपवतात, जागा बधिर करतात आणि जाडसर पोकळ सुईने हाडाचे बारीक दंडगोलाकार तुकडे काढतात. दाब जाणवतो, थोडे दुखते. अनेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. एक-दोन दिवस जागा ठणकते.

आधी पुढील गोष्टींची काळजी घ्या.

१. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. त्या कधी बंद करायच्या, हे डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून बंद करू नका.

२. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी झालेली असावी.

३. जुन्या गाठीचा रिपोर्ट सोबत न्या. शक्य असेल तर जुना ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडाही मिळवा. पॅथॉलॉजिस्टला तुलना करता येते.

४. टीबीची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये पाठवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही. हे बायोप्सीच्या आधीच ठरवून ठेवायचे असते.

हाडाच्या तुकड्याची आणखी एक अडचण आहे. त्यातले कॅल्शियम काढून तो मऊ केल्याशिवाय त्याचे पातळ काप करता येत नाहीत. त्यासाठी तीव्र अॅसिड वापरले तर ईआर किंवा हर-टू खराब होऊन निकाल खोटा "निगेटिव्ह" येऊ शकतो. ईडीटीए नावाच्या सौम्य द्रावणाने वेळ जास्त लागतो, पण ही प्रथिने चांगली टिकतात. त्यामुळे रिपोर्टला जास्त दिवस लागले तर वैतागू नका. मूळ गाठ ईआर पॉझिटिव्ह होती आणि हाडाचा तुकडा निगेटिव्ह आला, तर "तुकडा कोणत्या पद्धतीने मऊ केला होता?" हा प्रश्न नक्की विचारा.

कधी कधी तुकड्यात काहीच सापडत नाही, विशेषतः डाग खूप कडक हाडाचा असेल तर. याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. दुसऱ्या जागेची बायोप्सी करावी लागू शकते. हाडाबरोबर काखेतल्या गाठीत किंवा यकृतात आजार असेल, तर तिथला तुकडा घेणे सहसा सोपे असते आणि त्याची तपासणीही अधिक खात्रीची होते.

सुई लावल्याने कॅन्सर पसरतो का?

ही भीती फार जुनी आहे. बायोप्सीनंतर आजार वाढलेला दिसतो, म्हणून दोष सुईवर येतो. खरे तर आजार आधीच रक्तावाटे हाडापर्यंत पोहोचलेला असतो. सुईच्या वाटेवर पेशी रुजणे अगदी क्वचित घडते. पुढे द्यायची औषधेही सगळ्या शरीरभर काम करणारी असतात. चुकीचे औषध सहा महिने घेत राहण्याचा धोका सुईच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

बायोप्सीसाठी थांबायचे नाही, असे प्रसंग

पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

• पाय लटके पडणे, चालताना तोल जाणे, पायात नव्याने बधिरपणा

• लघवी अडकणे, लघवी-संडासवर ताबा न राहणे, जांघेत संवेदना नसणे

• पाठीत अचानक असह्य कळ किंवा पट्टा आवळल्यासारखे दुखणे

• हातापायाचे हाड किरकोळ धक्क्याने मोडणे

• खूप तहान, सतत लघवी, उलट्या, बद्धकोष्ठता आणि ग्लानी. रक्तातले कॅल्शियम वाढल्याची ही लक्षणे असू शकतात.

पहिल्या तीन लक्षणांत मज्जारज्जू दबलेला असू शकतो. तातडीने एमआरआय, स्टेरॉइड आणि शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन लागते. काही तासांचा उशीरही कायमचा अधूपणा देऊ शकतो. शस्त्रक्रिया झालीच, तर तुकडा त्याच वेळी घेता येतो.

याशिवाय रुग्ण फार अशक्त असेल, जागा धोक्याची असेल किंवा निकाल काहीही आला तरी उपचार बदलणार नसतील, तर बायोप्सी न करण्याचा निर्णयही योग्य असतो. तो डॉक्टर आणि घरच्यांनी मिळून, कारण समजून घेऊन घ्यावा.

उपचार कसे ठरतात?

_ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह._ हाडात पसरणाऱ्यांमध्ये हा प्रकार सर्वाधिक. सुरुवात बहुधा गोळ्यांनी होते : लेट्रोझोलसारखे हॉर्मोनविरोधी औषध आणि जोडीला पेशीची वाढ रोखणारे पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब. पाळी बंद झालेल्या स्त्रियांवरील एका मोठ्या अभ्यासात लेट्रोझोलबरोबर रायबोसिक्लिब घेणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान सुमारे ६४ महिने होते, तर फक्त लेट्रोझोल घेणाऱ्या गटाचे सुमारे ५१ महिने. मध्यक म्हणजे निम्म्या स्त्रिया त्याहून अधिक काळ जगल्या. पाळी चालू असेल तर अंडाशयाचे काम इंजेक्शनने किंवा शस्त्रक्रियेने थांबवावे लागते.

या गोळ्यांवर असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. रायबोसिक्लिबसाठी ईसीजी पाहतात. अबेमासिक्लिबने जुलाब होतात. किंमत हा मोठा अडथळा होता. पाल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट २०२३ च्या सुरुवातीला संपले आणि त्यानंतर भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, त्यामुळे विचारायला संकोच करू नका.

"गोळ्यांनी काय होणार, किमोच द्या" असे अनेकांना वाटते. या प्रकारात आजार यकृत किंवा फुप्फुसाचे काम बंद पाडण्याइतका वेगाने वाढत असेल, तरच किमोथेरपीचा विचार सहसा आधी होतो. फक्त हाडात असेल तर गोळ्या हा कमी प्रतीचा उपचार नाही, तो पहिल्या पसंतीचा आहे.

_हर-टू पॉझिटिव्ह._ ट्रास्टुझुमॅब आणि शक्य असेल तर पर्टुझुमॅब ही इंजेक्शने, सुरुवातीला किमोथेरपीबरोबर. ट्रास्टुझुमॅब भारतीय कंपन्याही बनवतात.

_ट्रिपल निगेटिव्ह._ किमोथेरपी हाच मुख्य आधार. पीडी-एल१ तपासणी पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोथेरपीचा विचार होतो. बीआरसीए जनुकात दोष असेल तर त्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत.

काही स्त्रियांमध्ये स्तनातील गाठ सापडते तेव्हाच आजार हाडात पोहोचलेला असतो. मग "आधी स्तन काढून टाका" असा आग्रह होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ३५० स्त्रियांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्तनाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन केल्याने आयुष्य वाढले नाही. गाठ फुटली, रक्त येऊ लागले किंवा दुखू लागली, तर त्रास कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करतात, ती गोष्ट वेगळी.

हाडांसाठी वेगळे उपचार

_हाड बळकट करणारी औषधे._ झोलेड्रोनिक अॅसिड शिरेतून किंवा डेनोसुमॅब त्वचेखाली देतात. यांनी फ्रॅक्चर आणि वेदना कमी होतात. पूर्वी झोलेड्रोनिक अॅसिड दर महिन्याला देत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८२२ रुग्णांच्या अभ्यासात दर १२ आठवड्यांनी दिले तरी हाडांच्या तक्रारी वाढल्या नाहीत. खर्च आणि फेऱ्या दोन्ही वाचतात, म्हणून डॉक्टरांना याविषयी विचारा.

सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडलेला दात काढायचा असेल तर आधी काढा. ही औषधे चालू असताना दात काढला तर जबड्याचे हाड न भरून येण्याचा धोका असतो. क्रिअॅटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही आधी तपासतात.

_रेडिएशन._ एकाच जागी दुखत असेल तर फार उपयोगी. बऱ्याच रुग्णांत ८ ग्रेचा एकच डोस वेदना कमी करण्यात अनेक दिवसांच्या कोर्सइतकाच काम करतो. मात्र पुढे तीच जागा पुन्हा शेकावी लागण्याची शक्यता थोडी जास्त राहते.

_शस्त्रक्रिया._ मांडीचे हाड इतके पोखरले असेल की मोडण्याची भीती आहे, तर ते मोडण्याआधीच रॉड घालणे चांगले.

_वेदनाशमन._ मॉर्फिनची गोळी म्हणजे शेवट जवळ आला असे नाही. योग्य डोसमध्ये ती माणसाला हिंडते-फिरते ठेवते. दुखणे सोसत बसू नका.

तीन महिन्यांनी पुढचा स्कॅन

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. औषध लागू पडले की पोखरलेले हाड भरू लागते आणि तो भाग स्कॅनवर अधिक ठळक दिसू शकतो. कधी "नवीन डाग" असेही लिहून येते. दुखणे कमी असेल, तब्येत सुधारत असेल, तर केवळ त्या एका ओळीवरून औषध बदलण्याची घाई नको. तज्ज्ञांशी बोला.

डॉक्टरांना विचारण्यासाठी प्रश्न

१. हा डाग कॅन्सरचाच आहे, हे आपल्याला कशावरून माहीत आहे?

२. बायोप्सी कोणत्या जागेची करणार आणि ती जागा का निवडली?

३. ईआर, पीआर, हर-टू पुन्हा तपासणार का? आधीच्यापेक्षा बदल आहे का?

४. माझ्या मणक्याला किंवा मांडीच्या हाडाला मोडण्याचा धोका आहे का? जड उचलू का, वाकू का?

५. औषधाचा खर्च किती? सरकारी योजनेत काय बसते? महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

६. औषध लागू पडते आहे, हे कधी आणि कसे कळेल?

काकूंची बायोप्सी झाली. रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. स्तनाचाच कर्करोग, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, अगदी पूर्वीसारखाच. मुलगा म्हणाला, "म्हणजे काहीच बदललं नाही. उगाच अकरा दिवस गेले."

काकूच त्याला म्हणाल्या, "अरे, आता निदान अंधारात तरी नाही ना चाललोय."

त्यांना किमो लागली नाही. गोळ्या सुरू झाल्या, मणक्याला एकदा रेडिएशन दिले, दात तपासून झोलेड्रोनिक अॅसिड सुरू झाले. आता त्यांना रात्री झोप लागते. नातवाला उचलायला मी मनाई केली आहे. तो आता त्यांच्या मांडीवर येऊन बसतो.

तुमच्या घरात कुणाला पूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल आणि नवे हाडाचे दुखणे दोन-तीन आठवडे हटत नसेल, विशेषतः रात्री वाढत असेल, तर डॉक्टरांना जुना आजार पहिल्याच भेटीत सांगा. मला तो उशिरा आठवला, तुमच्या डॉक्टरांना तुम्ही वेळेवर आठवण करून द्या.

_(ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असते. उपचारांचा निर्णय आपल्या कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)_